सत्तेचाळिसाव्या वर्षी सीएमएम शिकावं की ऑडिटकडे वळावं?

मांजलपूरकर:
वय ४७. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्हच्या सुट्या भागांची तपासणी करतो. हात बसलाय व्हर्नियर, हाइट गेज आणि सरफेस प्लेटवर (भाग ठेवून हाताने मोजायचा सपाट पाट). कंपनीत आता सीएमएम आलंय, म्हणजे भागाला बिंदूबिंदूंवर स्पर्श करून संगणकावर मापं देणारं मशीन. पंचविशीतली मुलं एकदा बघून मशीन चालवतात, मला तोच क्रम तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा लागतो. एक तर सीएमएम नेटाने शिकायचं, नाहीतर सप्लायर क्वालिटी आणि ऑडिटकडे जायचं, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचं काम तपासायचं. या वयात डोकं खरंच किती मंदावतं? कुठला रस्ता धरावा?

रावपुरा_मानसशास्त्र:
दादा, सगळं डोकं एकाच चालीने उतरत नाही. रेमंड कॅटेल यांनी १९६३ साली हा फरक नीट मांडला: अनोळखी कोडं झटपट सोडवण्याची ताकद वेगळी आणि वर्षानुवर्षं साठलेल्या जाणकारीची ताकद वेगळी. पहिली तरुणपणीच उतरू लागते, दुसरी पन्नाशी ओलांडली तरी वाढत राहते.

वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांची दर ७ वर्षांनी चाचणी घेतली. नजरेने भराभर ओळखण्याचा वेग लवकर घसरला, पण तर्क, शब्दज्ञान आणि आकृती मनात फिरवून बघणं मध्यम वयात सर्वांत चांगलं होतं. एकाच दिवशी पंचविशीतल्या आणि पन्नाशीतल्या माणसांना शेजारी बसवून मोजलं, तर घसरण फुगून दिसते. दोघांची पिढी वेगळी, शिक्षण वेगळं. तुमच्या शॉपवर नेमकी हीच तुलना चाललीय: ती मुलं स्क्रीनवरच वाढलीत.

टिमथी सॉल्टहाउस यांचा १९८४ चा टायपिस्टांचा अभ्यासही बघा. वयस्क टायपिस्टांची बोटं दिव्याच्या इशाऱ्याला उशिरा हलत, पण टायपिंग तरुणांइतकंच वेगात होई, कारण त्यांची नजर मजकुरात जास्त पुढे गेलेली असे. तुमची नजर ड्रॉइंगवर तशीच पुढे धावते.

गेजरूम:
मशीनबद्दल मी सांगतो. मेनू हा सीएमएमचा सोपा भाग आहे. रिपोर्ट चुकतात ते इतरत्र. भाग टेबलावर कसा ठेवलाय हे मशीनला सांगणाऱ्या ३-२-१ अलाइनमेंटमध्ये ३ बिंदूंनी पातळी, २ बिंदूंनी दिशा आणि १ बिंदूने शेवटची जागा पक्की होते. हे बिंदू कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) कच्च्या पृष्ठभागावर घेतले, तर पुढचं सगळं माप वाकडं. प्रोबचा (भागाला टेकणाऱ्या टोकाचा) कोन बदलला आणि त्या कोनाचं कॅलिब्रेशन राहिलं, तरी तेच. तिसरं तापमान. माप २० अंशांचं धरतात. ३०० मिमी लांबीचा पोलादी भाग ३५ अंशांच्या शॉपमधून थेट टेबलावर ठेवला, तर तो सुमारे ५० मायक्रॉन लांब भरतो. बडोद्याच्या मे महिन्यात हे रोज घडू शकतं. रिपोर्ट बघून "हे होणं शक्य नाही" असं ज्याला चटकन वाटतं, तो माणूस प्लेटवर घडलेला असतो. ते मुलांना मेनूत सापडणार नाही.

शिकताना रविवारी ५ तास बसू नका. रोज ४० मिनिटं, एकच काम: आज फक्त प्रोब क्वालिफिकेशन (प्रोबचं कॅलिब्रेशन). दुसऱ्या दिवशी वही उघडण्याआधी कोऱ्या कागदावर क्रम आठवून लिहा, मगच ताडून बघा. हाच कागद ३ दिवसांनी आणि मग आठवड्याने. नुसतं पुन्हा वाचलं की आलंय असं वाटतं आणि मशीनपुढे हात थबकतो. शिफ्ट चालू असताना, मधे मधे कुणी हाक मारत असताना शिकू नका. वय वाढतं तसा, लक्ष तुटलं की धागा परत धरायला जास्त वेळ लागू शकतो.

आणि पहिले १० भाग असे निवडा ज्यांची मापं प्लेटवर पाठ आहेत. उत्तर माहीत असलं की चूक कुठे झाली ते सापडतं.

दांडियाबाजार_ताई:
दादा, आधी चाळिशीचा चष्मा तपासा. वाचायचा नंबर पुस्तकाच्या अंतराचा असतो, मॉनिटर त्याहून लांब असतो. त्या अंतराचा वेगळा नंबर लागू शकतो. बी१२, थायरॉइड, साखर बघून घ्या. झोपेत घोरणं आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. यांनी येणारा विसराळूपणा लोक वयाच्या नावावर खपवतात.

मांजलपूरकर:
मग ऑडिट सोडूनच द्यावं का?

जुना_क्वालिटीवाला:
नाही, क्रम लावा. आधी ६ महिने सीएमएम: स्वतः प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालेल, पण दुसऱ्याचा रिपोर्ट उलगडता आला पाहिजे. सप्लायरशी भांडण पेटतं ते अलाइनमेंटवर आणि डेटमवर (माप जिथून धरायचं त्या आधारावर), तिथे नुसता ऑडिटर गप्प बसतो.

त्यानंतर आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थेचं मानक) लीड ऑडिटरचा कोर्स करा. साधारण ५ दिवसांचा असतो, परीक्षा असते. नवे ऑडिटर तिथे एकाच ठिकाणी अडकतात: पुराव्याऐवजी मत लिहितात. प्रत्येक एनसीत (अट पाळली नसल्याच्या नोंदीत) तीन गोष्टी हव्यात: अट काय, प्रत्यक्ष काय दिसलं, ते अटीशी कुठे जुळत नाही. समोरचा बोलत असताना आठवणीवर विसंबू नका. वेळ, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि बॅच नंबर जागेवरच टिपा.

नोकरी बदलायची घाई नको. आहे त्याच कंपनीत परचेसवाल्यांबरोबर फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) भेटीला जायचं मागून घ्या. कास्टिंग कुठे दगा देतं हे तुम्हाला माहीत आहे, तिथली माणसं पहिल्या अर्ध्या तासात ओळखतील की समोरचा जाणकार आहे.