मॅकडोवेल काउंटीतील किराणा दुकान टिकवणे ही सरकारची जबाबदारी मानावी काय?

रोअनोककर

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडोवेल ही काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, आहे. कोळशाच्या भरभराटीच्या काळात, 1950च्या जनगणनेत, तेथे 98,887 माणसे राहत होती. 2020मध्ये 19,111 उरली. 2005मध्ये किंबॉल या गावी वॉलमार्टचे मोठे दुकान सुरू झाले आणि जानेवारी 2016मध्ये, कंपनीने जगभरातील 269 दुकाने बंद करण्याचे ठरवले तेव्हा, तेही मिटले. सुमारे 140 जणांची नोकरी गेली आणि स्थानिक अन्नपेढीला या दुकानाकडून मिळणारे शिलकी पण खाण्याजोगे अन्नही थांबले. आज काउंटीत मोजकीच किराणा दुकाने आहेत. डोंगरांच्या घळींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना बऱ्यापैकी बाजार करायचा तर वळणावळणाच्या रस्त्याने शेजारच्या मर्सर काउंटीतील ब्लूफील्ड किंवा प्रिन्स्टन गाठावे लागते. जाऊन-येऊन दोन तास सहज जातात, आणि घरातली एकुलती गाडी कोणी कामावर नेली असेल तर तो दिवस तसाच जातो.

अमेरिकेचे कृषी खाते गरीब ग्रामीण वस्तीपासून मोठे किराणा दुकान 10 मैलांहून, म्हणजे सुमारे 16 किलोमीटरहून, दूर असेल तर त्या भागाची गणना ‘फूड डेझर्ट’मध्ये, म्हणजे अन्नाच्या वाळवंटात, करते. हे अंतर सरळ रेषेत मोजले जाते. कॅन्ससच्या सपाट गहूपट्ट्यात ते चालून जाईल, परंतु ज्या मुलखात समोरच्या डोंगरापलीकडचे गाव दिसत असूनही तेथे पोहोचायला अर्धा तास लागतो, तेथे हे मोजमाप लोकांची अडचण कमीच दाखवते.

माझे म्हणणे असे आहे की अशा काउंटीने करसवलती देऊन पुन्हा एखाद्या मोठ्या साखळी-दुकानाला बोलावण्याच्या फंदात पडू नये. मोठे दुकान येते तेव्हा आसपासच्या लहान दुकानांचे गिऱ्हाईक ओढून घेते, आणि जाते तेव्हा मागे काहीच ठेवत नाही, कारण लहान दुकानदार तोवर थकून धंदा आवरून बसलेला असतो. जी एक-दोन स्थानिक दुकाने अजून तग धरून आहेत, त्यांना पाणीपुरवठा किंवा टपाल कार्यालय यांच्या बरोबरीचे सार्वजनिक महत्त्व द्यावे. गरज पडल्यास इमारत आणि शीतगृह नगरपालिकेने बांधावे. कॅन्ससमधील सेंट पॉल या सहाशे-सातशे वस्तीच्या गावात 1985नंतर किराणा दुकानच नव्हते. 2008मध्ये गावकऱ्यांच्या पुढाकाराने ते पुन्हा उभे राहिले आणि 2013मध्ये ते नगरपालिकेनेच विकत घेतले. म्हणजे हे करता येते.

हिशेबी

आपल्या मांडणीत कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा झाला आहे, असे मला वाटते. मॅकडोवेलची लोकसंख्या 2000च्या जनगणनेतच 27,329पर्यंत घसरली होती, तेव्हा किंबॉलमध्ये वॉलमार्टचा पत्ताही नव्हता. यंत्रे आली, खाणी बंद पडल्या, तरुण ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनाकडे निघून गेले, आणि गिऱ्हाईक उरले नाही म्हणून दुकाने गेली. एखाद्या कंपनीला खलनायक ठरवून हा इतिहास बदलत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दुकान जवळ आले की लोक चांगले खाऊ लागतात, हे गृहीतक तपासले गेले आहे. अमेरिकेतील हजारो घरांच्या खरेदीच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2019मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की गरीब कुटुंबांना श्रीमंत वस्तीतला माल श्रीमंत वस्तीतल्याच भावाने उपलब्ध करून दिला, तरी दोघांच्या आहारातील तफावत साधारण 10 टक्क्यांनीच कमी होईल. उरलेला फरक मागणीतून येतो. म्हणजे उत्पन्न, शिक्षण, सवयी यांतून. नवीन सुपरमार्केट उघडल्यावर लोकांनी जुन्या दुकानाऐवजी नव्यात जाणे पसंत केले, पण पिशवीतला माल फारसा बदलला नाही. मग करदात्यांचा पैसा विटा-सिमेंटमध्ये घालण्यापेक्षा तो थेट कुटुंबांच्या हातात का देऊ नये?

निवृत्त_पुरवठा

हातात पैसा देण्याचा प्रयोग याच काउंटीत सुरू झाला होता, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. केनेडी यांनी 1961मध्ये अध्यक्षपद स्वीकारल्यानंतर फूड स्टँपची, म्हणजे गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत देणारी, योजना प्रायोगिक तत्त्वावर आणली, आणि 29 मे 1961 रोजी पहिली खरेदी मॅकडोवेलचे मुख्य ठिकाण असलेल्या वेल्चमधील एका दुकानात झाली. पंधरा माणसांच्या एका खाणकामगार कुटुंबाने 95 डॉलरचे स्टँप विकत घेतले होते. (होय, विकतच, ते पूर्णपणे मोफत झाले ते 1970च्या दशकाच्या शेवटी.) त्या वेळी खर्च करायला गावात दुकाने होती. आज तीच मदत कार्डावर येते आणि ते कार्ड चालवायलाच तासभर गाडी हाकावी लागते. त्या पेट्रोलचा खर्च मात्र खिशातूनच करावा लागतो, कारण फूड स्टँपवर पेट्रोल मिळत नाही.

मी महाराष्ट्रात पुरवठा खात्यात नोकरी केली आहे. आपल्या रेशन व्यवस्थेची रचना याच्या नेमकी उलट आहे. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि ते रास्त भाव दुकानातूनच मिळते. दुकान कोठे असावे याचा विचार आम्ही करतो. अमेरिकेने तो संपूर्णपणे बाजारावर सोपवला. मात्र आपल्या दुकानात भाजी नाही, फळ नाही, दूध नाही, याची मला पुरेपूर जाणीव आहे. त्यामुळे आमचे ते उत्तम, असा माझा दावा मुळीच नाही.

हिशेबी

पण मग अर्थ एवढाच निघतो की मदतीची रक्कम वाढवावी.

अबोली

किंवा सामान घरपोच करावे. 2019पासून फूड स्टँपवर ऑनलाइन खरेदीची सोय टप्प्याटप्प्याने आली आहे. परंतु पोहोचवण्याचे शुल्क त्या पैशांतून भरता येत नाही, आणि दरीतल्या एका घरासाठी अंड्यांचा ट्रे घेऊन कोणी एवढा डोंगर चढून येईल, असे मला वाटत नाही.

त्या अभ्यासाबद्दल एक आक्षेप नोंदवते. आहार सुधारला की नाही, एवढा एकच निकष त्याने लावला. ऐंशी वर्षांच्या बाईला दुधासाठी शेजाऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागू नये, ही अपेक्षा जीवनसत्त्वांच्या तक्त्यात बसत नाही म्हणून ती गैरलागू ठरत नाही. शिवाय तो देशव्यापी सरासरीचा निष्कर्ष आहे, आणि गाडी बाळगणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या देशात सरासरी घराला दुकान थोडे लांब असल्याने फारसे बिघडत नाही. प्रश्न सरासरीबाहेरच्या घरांचा आहे.

डॉलर जनरल या स्वस्त मालाच्या साखळी-दुकानांचा विषयही कोणी काढला नाही. देशात त्यांची 20 हजारांहून अधिक दुकाने आहेत आणि ग्रामीण अमेरिकेत अनेक ठिकाणी जवळचे दुकान तेच असते. त्यांतील हजारो दुकानांत आता थोडी भाजी आणि फळेही मिळतात. आपण सारे त्यांना नाक मुरडतो, पण इतर कोणी जाऊ इच्छीत नव्हते तेथे ते गेले, हेही खरे आहे.

ठोकभाव

माझे सांगली जिल्ह्यात वडिलोपार्जित किराणा दुकान आहे, म्हणून गल्ल्यामागच्या बाजूने लिहितो. हिशेबी म्हणतात गिऱ्हाईक नाही. रोअनोककर म्हणतात इमारत द्या. दुकान मरते ते खरेदीच्या भावाने. घाऊक व्यापारी दहा पेट्यांना एक भाव लावतो आणि दहा हजार पेट्यांना दुसरा, यात गैर काही नाही. वाहतूक वाचते, तेवढा फरक समजू शकतो. पण साखळी-दुकानाचा किरकोळ भावच माझ्या खरेदीच्या भावापेक्षा कमी असेल, तर मी कितीही पहाटे शटर उघडले तरी उपयोग नाही.

अमेरिकेत हे रोखणारा कायदा 1936पासून आहे. रॉबिन्सन-पॅटमन कायद्यानुसार पुरवठादाराने एकाच मालासाठी प्रतिस्पर्धी दुकानदारांत असा भेदभाव करायचा नाही. 1980च्या दशकापासून सरकारने तो जवळजवळ बासनात बांधून ठेवला. जानेवारी 2025मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने पेप्सिकोवर याच कायद्याखाली दावा लावला आणि सरकार बदलल्यावर मे महिन्यात तो मागेही घेतला. आपल्याकडे 2022च्या सुरुवातीस महाराष्ट्रातील वितरकांनी एका बड्या कंपनीचा माल उचलणे थांबवले होते, त्याच्या मुळाशीही हीच तक्रार होती: मोठ्या ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना वेगळा भाव आणि आम्हाला वेगळा.

रोअनोककर

ठोकभाव यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु कायदा उद्या कडकपणे राबवला तरी मॅकडोवेलमधील दुकान वाचेलच, असे म्हणता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियात फूड स्टँपचे पैसे महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत खात्यांवर जमा होतात. अशा काउंटीत दुकानाची झुंबड त्याच काळात असते आणि नंतर कोबी कुजत पडतो. नोव्हेंबर 2025मध्ये केंद्र सरकारचे कामकाज ठप्प होऊन ही मदत अडकली, तेव्हा केवळ कुटुंबे नव्हेत, तर त्यांच्यावर अवलंबून असलेली दुकानेही कोंडीत सापडली. हिशेबी यांना कुटुंबाला पैसा आणि दुकानाला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. या मुलखात ती एकच गोष्ट आहे.

हिशेबी

तसे असेल तर नगरपालिकेच्या दुकानालाही तोच नियम लागू होतो. आपण सेंट पॉलचे उदाहरण दिले. फ्लोरिडातील बाल्डविनचे दिले नाही. सुमारे दीड हजार वस्तीच्या त्या गावाने 2019मध्ये स्वतःचे किराणा दुकान उघडले, त्याचा देशभर गवगवा झाला, आणि 2024मध्ये ते बंद करावे लागले. तोटा अखेर गावाच्याच तिजोरीवर पडला. मॅकडोवेलची करवसुली आधीच आटलेली आहे, तेथे हा भार कोणाच्या डोक्यावर टाकायचा?

ठोकभाव

म्हणूनच दुकान नगरपालिकेने चालवू नये. नोकरदार माणूस संध्याकाळी उरलेली केळी निम्म्या भावात काढणार नाही. ज्याचा पैसा अडकला आहे तोच काढतो. मालक खासगीच असावा. नगरपालिकेने फक्त दोन गोष्टी कराव्यात: फ्रीजरच्या विजेच्या बिलाचा वाटा उचलावा, आणि आसपासच्या चार-पाच काउंट्यांतील दुकानदारांची एकत्र खरेदी व्हावी यासाठी एक गोदाम द्यावे. अशी एकत्र खरेदी उभी राहिली नाही, तर लहान मागणीसाठी घाऊकवाल्याचा ट्रक त्या घाटात वळणारच नाही.

निवृत्त_पुरवठा

त्या गोदामाचे भाडे कोण भरणार आणि कोणत्या काउंटीने किती, हे आधी कागदावर येऊ द्या. माझ्या अनुभवात अशा योजना तेथेच अडतात.