लाइव्ह कोडिंगच्या मैफलीत पडद्यावर कोड कशाला?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
लाइव्ह कोडिंगमध्ये कलाकार लॅपटॉपवर कोड लिहीत लिहीत संगीत उभं करतो आणि त्याचा स्क्रीन मागच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेल्या 'टॉपलॅप' गटाच्या जाहीरनाम्यातच 'स्क्रीन दाखवा' अशी मागणी आहे. मला ही प्रथा संगीताच्या मुळावर उठलेली वाटते. माणूस वाचायला लागला की त्याचं ऐकणं सुटतं. त्यातून ऑलिव्हिया जॅक यांच्या हायड्रा या कोडमधून चित्रं घडवणाऱ्या साधनातली रंगीत चित्रं त्याच अक्षरांमागे हलत असली, तर विचारूच नका. पडदा बंद ठेवून अर्धा तास वाजवा, रचनेत किती दम आहे ते लगेच कळेल.

तिहाई
साफ अमान्य! लॅपटॉपमागे बसलेला माणूस तयार ट्रॅक लावून बसलाय की खरंच काही घडवतोय, हे पडद्याशिवाय कळायचं कसं? तबलजीची बोटं आपण बघतोच ना.

आणि कोड कळायला प्रोग्रामर असावं लागत नाही. टायडलसायकल्स हे लाइव्ह कोडिंगचं साधन हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेवर उभं आहे, पण अवतरणचिन्हांत असतात ती साधी ध्वनींची नावं. चार नावं लिहिली की आवर्तनाचे चार समान भाग. पाचवं घाला, त्याच वेळात पाच बसतात; आवर्तन लांबत नाही. तबला ऐकणाऱ्याला हे शिकवावं लागेल का? टायडलकर्ते अ‍ॅलेक्स मॅकलीन यांनी या लेखनपद्धतीची प्रेरणा बर्नार्ड बेल यांच्या 'बोल प्रोसेसर' या तबल्याचे बोल हाताळणाऱ्या संगणक प्रोग्रामवरून घेतली. तो १९८०च्या दशकात जिम किपेन यांच्या लखनौ घराण्याच्या तबल्यावरील संशोधनातून घडला. म्हणजे हा पडदा आपल्याला परका नाहीच.

मंद्रसप्तक
बोल प्रोसेसरचं मान्य. पण तबल्यावर बोट पडतं त्याच क्षणी नाद येतो. इथे ओळ आधी टाइप होते, मग चालवली जाते. सोनिक पाय या दुसऱ्या साधनाच्या लाइव्ह लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडच्या तुकड्यात, तर केलेला बदल पुढच्या फेरीपासून लागतो. नवा ठेका येण्याआधीच मी तो वाचलेला असतो, मग सम गाठण्यातला आनंद उरतो कुठे?

खडू_फळा
मी शाळेत शिकवते, म्हणून माझं मत ठाम आहे: पडदा हवाच. सॅम अ‍ॅरन यांनी सोनिक पाय मुळात वर्गासाठीच केलं, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालेल असं. मुलं एक आकडा बदलतात, सूर चढतो, आणि तो का चढला हे शेजारच्यालाही दिसतं. एरर आली तर तीही सगळ्यांसमोर येते नि सगळे मिळून ती काढतात. हे झाकून मिळवायचं काय?

पिक्सेलवेडा
वर्ग आणि मैफल यांत गल्लत होतेय. शेडरटॉय या वेबसाइटवर चित्राशेजारी कोड असतो, मी त्यातूनच शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे प्रोग्राम, शिकलो. पण तिथे मला हवं तेवढं थांबता येतं. चालू मैफलीत कोण थांबणार?

तिहाई
थांबायची गरजच पडू नये अशी सोय आहे की! टायडलची जावास्क्रिप्ट भाषेतली आवृत्ती स्ट्रुडल ब्राउझरमध्येच चालते, आणि त्यात ज्या क्षणी जो ध्वनी वाजतो, त्या क्षणी कोडमधलं त्याचंच नाव उजळतं. बोटं दिसावीत तसंच हे. मंद्रसप्तक, एकदा स्ट्रुडल उघडून तीन-चार ध्वनींचा ठेका लावा आणि मग बोलू.

मंद्रसप्तक
लावतो. पण आधी डोळे मिटून ऐकणार, आणि मत त्यावरच देणार.