मुंबईतले जुने सिनेगॉग: एका दिवसात कोणते पाहावे, आणि कसे?

गोदाकाठ

नमस्कार. दिवाळीनंतर वडिलांना घेऊन एका दिवसासाठी नाशिकहून मुंबईला जायचे आहे आणि त्या दिवशी त्यांना एखादे जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, आतून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे असून इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे बालपण अलिबागजवळच्या एका गावात गेले. शेजारच्या घराला माझी पणजी ‘शनवारतेल्यांचे घर’ म्हणत असे, कारण त्या घरातला घाणा पूर्वी शनिवारी बंद असायचा. वडील दहा-अकरा वर्षांचे असताना ते कुटुंब इस्रायलला निघून गेले. त्या घरून अधूनमधून येणारे गोड पोह्यांचे ताट वडिलांना अजून आठवते. परंतु ती मंडळी प्रार्थना कुठे आणि कशी करीत, हे त्यांनी कधी पाहिले नाही.

छायाचित्रांत नेहमी काळा घोड्याजवळचे निळे सिनेगॉग दिसते, म्हणून तेच पाहावे असे मनात आहे. आमच्यासारख्या परधर्मीयांना आत प्रवेश मिळतो का, डोके झाकावे लागते का, फुले-नारळ न्यावेत का, आणि वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता जिने किती आहेत, हे कोणी सांगू शकेल का?

फोर्टातला पादचारी

आपण म्हणता ते केनेसेथ एलियाहू. जेकब ससून यांनी आपले वडील एलियास डेव्हिड ससून यांच्या स्मरणार्थ ते बांधवले आणि १८८४ मध्ये ते पूर्ण झाले. ते आता पूर्वीसारखे निळे राहिलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आपण गल्लीत उभे राहून निळी इमारत शोधत बसाल. अनेक वर्षे तिला जो फिरोजी रंग होता, तो नंतरच्या काळातला होता. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१९ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली, तेव्हापासून भिंती पांढरट आणि त्यांवरचे नक्षीकाम गडद निळे असे तिचे रूप आहे. या कामाला त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला. जुन्या फिरोजी रंगाची सवय झालेल्या माझ्यासारख्यांना प्रथम थोडी चुटपुट लागली, हे मात्र कबूल करतो.

प्रवेश सर्वांना मिळतो. मुख्य प्रार्थनागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि स्त्रियांसाठीची गॅलरी त्याच्याही वर. वडिलांना पहिल्या मजल्यापर्यंतच चढावे लागेल. गॅलरी त्यांनी खालून पाहिली तरी चालेल, कारण तिला तोलणारे ओतीव लोखंडाचे खांब खालूनच अधिक चांगले दिसतात. पश्चिमेच्या भिंतीतील रंगीत काचांच्या खिडकीसमोरच्या बाकावर त्यांना निवांत बसू द्या. पश्चिमेच्याच भिंतीत का, तर मुंबईहून जेरुसलेम त्या दिशेला आहे. साहजिकच उतरत्या दुपारी त्या काचांतून ऊन आत येते. मात्र पाहुण्यांसाठी ठरवलेल्या वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

पुरुषांनी डोके झाकणे आवश्यक असते आणि दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात. शुक्रवारचा सूर्यास्त ते शनिवारची रात्र हा शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा, काळ असल्यामुळे केवळ पाहण्यासाठी त्या वेळी जाऊ नये. मी स्वतः एकदा, इथे नव्हे, दुसऱ्या एका सिनेगॉगपाशी, शनिवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून पोहोचलो होतो. ओशाळून परत फिरलो. चूक सर्वस्वी माझीच होती. सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ बाळगा. २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याचे ज्यू केंद्र लक्ष्य झाल्यापासून शहरातील सर्व सिनेगॉगांवर बंदोबस्त असतो आणि पिशव्या तपासल्या जातात.

ठाण्याचा बेने इस्रायल

ताई, वरील माहिती योग्य आहे आणि केनेसेथ एलियाहू पाहण्यासारखे आहेच, याबद्दल वाद नाही. तरीही आपला प्रश्न वाचून मला असे वाटले की, आपल्या वडिलांना जे पाहायचे आहे ते बहुधा तिथे नाही.

मुंबईतील ज्यू म्हणजे एकच समाज नव्हे. ससून घराणे बगदादी. डेव्हिड ससून १८३० च्या दशकात बगदादहून इराणमार्गे मुंबईत आले. ही मंडळी घरात अरबी बोलत, पुढे इंग्रजीकडे वळली, आणि कापूस व अफू यांच्या व्यापारावर त्यांनी शहरात गोदी, ग्रंथालये, शाळा आणि सिनेगॉग उभारले. आपल्या वडिलांचे शेजारी होते ते आम्ही, बेने इस्रायल. आमच्या परंपरेनुसार आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळण्याच्या धंद्यात शिरले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवारतेली म्हटले. आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. भाषा मराठीच. दोन्ही समाज एका धर्माचे असूनही बगदादी मंडळींनी आम्हांला दीर्घ काळ आपल्या बरोबरीचे मानले नाही, हेही इतिहासाच्या शिक्षकांपासून लपवण्याचे कारण नाही. आज शहरात बगदादी फारच थोडे उरले आहेत आणि त्यांच्या सिनेगॉगांतही प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष बहुतांशी आमच्यातूनच येतात.

म्हणून माझे सांगणे असे, की काळा घोडा जरूर पाहा, पण त्याच दिवशी मशीद बंदरला उतरून सॅम्युअल स्ट्रीटवरच्या शआर हारहमीममध्येही जा. नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजे गावच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर, यांनी मुंबईतले हे पहिले सिनेगॉग स्थापन केले. आजची वास्तू १८६० च्या सुमाराची. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते आणि म्हैसूरच्या युद्धात कैद झाले होते. आमच्या घरोघरी सांगितली जाणारी कथा अशी, की हे कैदी बेने इस्रायल आहेत असे कळताच टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, कारण ते नाव तिला कुराणातून ठाऊक होते. जिवंत परतलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस दिवेकरांनी बोलला होता आणि तो त्यांनी फेडला. कथेतला टिपूच्या आईचा भाग कितपत खरा हे आपले वडील ठरवतील. कैद आणि सिनेगॉग या दोन गोष्टी मात्र इतिहासातल्या आहेत. पुढच्याच वर्षी तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या मिळवण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले.

आत गेल्यावर काय पाहावे, ते सांगतो. मधोमध कठडा असलेला लाकडी चौथरा दिसेल, तो तेबा. हजान तिथे उभा राहून प्रार्थना म्हणतो. पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे जे कपाट असते तो हेखाल, त्यात तोराच्या गुंडाळ्या. छतापासून लोंबणारे काचेचे तेलदिवे पाहा. एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते, तिच्यावर बसू नका. ती एलियाहू हानबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, आणि मुलाच्या सुंतेच्या वेळी तिला मान असतो. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (आत धर्मवचने लिहिलेली गुंडाळी असलेली छोटी डबी) आम्ही बोटे लावून ती ओठांना लावतो. आपण तसे केले नाही तरी कोणी काही म्हणणार नाही. मोठ्या माणसांच्या घरी गेल्यासारखे वागावे, एवढेच पथ्य.

फुले-नारळ नेऊ नयेत, वाहण्याची पद्धत नाही. पेटीत यथाशक्ती काही टाकले तर दिव्यांच्या तेलाला उपयोग होतो.

आणि ते पोह्यांचे ताट म्हणजे मलिदा. एलियाहू हानबीच्या नावाने नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा घरात काही शुभ घडले की आम्ही तो करतो. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात हा विधी नाही.

रुळांवरचा वाटसरू

मशीद बंदर स्थानकाचे नाव याच सिनेगॉगवरून पडले, असे बऱ्याच ठिकाणी वाचले आहे. तथापि झकेरिया मशीदही त्याच परिसरात आहे, तेव्हा हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असण्याचीच शक्यता अधिक नाही का? हौशी मार्गदर्शक एकाने सांगितलेली गोष्ट दहा जण गिरवतात, म्हणून शंका विचारली.

ठाण्याचा बेने इस्रायल

शंका रास्त आहे, आणि नामकरणाचा सरकारी कागद माझ्यापाशी नाही. आमच्या बोलीचा पुरावा तेवढा देऊ शकतो. ‘सिनेगॉग’ हा शब्द मी शाळेत शिकलो. घरी आजी ‘मशीद’च म्हणत असे. सॅम्युअल स्ट्रीटवरची ती ‘जुनी मशीद’, आणि १८४० च्या सुमारास फुटून निघालेल्या मंडळींनी वेगळी बांधली ती ‘नवी मशीद’. कोकणात शतकानुशतके मुसलमान शेजाऱ्यांसोबत राहिल्यामुळे निराकार देवाच्या प्रार्थनेच्या जागेला दुसरा शब्दच आमच्यापाशी नव्हता. सणांचीही नावे अशीच देशी होती. हिब्रू नावे नंतर रुळली. जुन्या पिढीत योम किप्पूर, हा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसत. आणि जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकदिनाला म्हणायचे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी जेवणात सोललेल्या वालांचे बिरडे असायचे. वालाचे बिरडे शोकाचे कसे, हे मला अजून उमगलेले नाही. आमच्या घरी तर ते आनंदाने खाल्ले जाते.

भायखळ्याची मास्तरीण

वेळ उरलाच तर भायखळ्याचे मागेन डेव्हिडही पाहावे. तेही बगदाद्यांचे, डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात बांधलेले. दर्शनी भागी चार उंच खांब आणि वर घड्याळाचा मनोरा असल्याने प्रथमदर्शनी ते ख्रिस्ती चर्चच वाटते. माझ्या दृष्टीने खरी पाहण्याजोगी गोष्ट त्याच्या आवारात आहे: ससून घराण्याने ज्यू मुलांसाठी काढलेल्या शाळा तिथे अजूनही चालू आहेत आणि आज त्यांत बहुसंख्य मुले आसपासच्या मुसलमान वस्तीतली आहेत. मधल्या सुटीत गेलात तर गलका ऐकू येईल. वडिलांना तीन ठिकाणे एका दिवसात झेपतील असे मात्र मला वाटत नाही, तेव्हा हे पुढच्या खेपेस ठेवावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही मंगळवारी जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

काळा घोड्याला आम्ही अर्धा तास होतो. जिना चढताना वडिलांना दोनदा थांबावे लागले, पण वर गेल्यावर त्यांनी खिडकीपेक्षा पायाखालच्या फरशांकडेच अधिक वेळ पाहिले. खिडकीविषयी त्यांचे मत एवढेच, की विलायती कारागिरी उत्तम आहे.

मशीद बंदरला टॅक्सीने जाण्याची चूक आम्ही केली. हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या आणि मसाल्यांच्या दुकानांतून गाडी पुढे सरकेना. शेवटी उतरून चालत गेलो. लोकलने जाऊन स्थानकावरून पायी गेलो असतो तर वडिलांचे श्रम वाचले असते. दाराशी पोलिसांनी आधार कार्ड पाहिले, नोंदवहीत नावे लिहून घेतली. आतल्या गृहस्थांनी वडिलांपुढे टोपी धरली, तेव्हा वडिलांनी खिशातून स्वतःची पांढरी गांधी टोपी काढून घातली आणि ‘ही चालेल का?’ असे विचारले. डोके झाकल्याशी कारण, असे उत्तर मिळाले.

बाहेर इतका गोंगाट, आणि आत तेलदिव्यांच्या साखळ्या वाऱ्याने किणकिणत होत्या तेवढाच आवाज. तेबाच्या कठड्याचे लाकूड माणसाच्या हाताच्या उंचीवर तेवढे गुळगुळीत आणि काळपट झाले आहे. मला वाटले होते की वडील दिवेकरांविषयी, टिपूविषयी विचारतील. त्यांनी त्या गृहस्थांना प्रथम विचारले ते ‘गाव कोणते?’ त्यानंतर पाऊण तास दोघे अलिबागकडच्या अष्टागरातली गावे, वाड्या आणि एस.टी.चे जुने थांबे यांवर बोलत होते, आणि मी बाकावर बसून होते. दोनशे वर्षांहून जुन्या सिनेगॉगमध्ये आल्यावर इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासाचा एकही प्रश्न विचारू नये, याची मला गंमत वाटली.

एक शंका उरली आहे. वडिलांच्या आठवणीतल्या मलिद्यात गूळ होता, तर त्या गृहस्थांनी साखर सांगितली. यांपैकी खरे काय?

ठाण्याचा बेने इस्रायल

दोन्ही. पोहे भिजवून निथळायचे, शिजवायचे नाहीत. त्यांत ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा घालायचा, शेजारी फळे मांडायची, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. गोडाविषयी आमच्या घरातही दोन पक्ष आहेत. आई साखर घालते, अलिबागची आत्या गूळ घालते, आणि दोघी एकमेकींच्या ताटातला चमचाभर खाऊन ‘छान झालाय’ म्हणतात. वडिलांना सांगा, त्यांना आठवतो तो अलिबागकडचा असावा.