घरगुती पाळणाघरासाठी परवानगी नेमकी कुठून घ्यायची? (नाशिक)

नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळ तळमजल्यावर आमचा स्वतःचा टू बीएचके फ्लॅट आहे. तिथे जूनपासून छोटं पाळणाघर सुरू करायचंय. मुलं जास्तीत जास्त आठ, वय दीड ते पाच, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आयांना सातच्या आत सोय लागते, पण ते सध्या झेपणार नाही. मी आणि मदतीला एक ताई, एवढ्याच.

उद्यम नोंदणी झाली आहे. शॉप ॲक्टमध्ये इतके कमी कामगार असले की फक्त सूचना द्यायची असते, ती ऑनलाइन देऊन पावती घेतली. बाल्कनीला जाळी आणि स्वयंपाकघराला मुलांच्या छातीएवढं फाटक बसवलं. कड्या वरच्या बाजूला घेतल्या, कारण भाचीने खालची कडी दोन मिनिटांत उघडून दाखवली! ताईंच्या पोलीस पडताळणीचा अर्जही दिलाय.

अडलंय पुढे. सोसायटी म्हणते, आधी महापालिकेचं पत्र आणा. विभागीय कार्यालयात म्हणाले, आधी सोसायटीची ना हरकत आणा. दोन फेऱ्या झाल्या, लेखी काहीच नाही. नर्सरी किंवा शिकवणी घेणार नाही, फक्त सांभाळणं. विनापरवाना सुरू करायचं नाही, लोकांची लेकरं आहेत.

नाशिकमध्ये राहत्या फ्लॅटमध्ये रीतसर पाळणाघर चालवणाऱ्या कुणी आहात का? महापालिकेच्या कोणत्या विभागाकडे, कोणत्या नावाने अर्ज केलात? आणि एवढ्याशा जागेला अग्निशमन दलाचा दाखला मागितला होता का?