ई प्रथिनासोबत पीआरएम का लागते?

माकडतापाच्या, म्हणजे क्यासनूर अरण्य रोगाच्या विषाणूसारखे कण कीटकपेशींत घडवताना विषाणूच्या पृष्ठभागावरचे केवळ ई प्रथिन का पुरत नाही, हा प्रश्न रास्त आहे. पीआरएम हे विषाणूच्या आवरणातलेच दुसरे प्रथिन; ते ई प्रथिनाची घडी नीट बसवते. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूवर हे चांगले तपासले गेले असून, ही दोन प्रथिने एकत्र तयार झाली की कॅप्सिड (आतले प्रथिन-कवच) आणि आरएनए (विषाणूचा जनुकीय मजकूर) नसतानाही सुमारे ३० नॅनोमीटरचे पोकळ कण पेशीतून आपोआप बाहेर पडतात; मूळ विषाणू ५० नॅनोमीटरचा असतो.

खरी अडचण माझ्या मते माध्यमाची, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्याची आहे. एसएफ९ या कीटकपेशी (आपल्या मक्यावर पडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्याच!) २७ अंशांवर आणि साधारण ६.२ सामूच्या (पीएच), म्हणजे किंचित आम्ल माध्यमात वाढतात, आणि पीआरएम कापले गेल्यावर उघडे पडलेले ई प्रथिन नेमक्या याच आम्लतेला आपली रचना कायमची पालटते. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन आहे की नाही हे दाखवणारी चाचणी) पट्टी ठळक दिसली तरी तेवढ्यावर समाधान मानू नये; कण नीट घडले का, हे तिच्यावरून कळत नाही. सुक्रोज ग्रेडियंटमधील (साखरेच्या चढत्या घनतेच्या द्रावणात कण वेगळे करण्याची पद्धत) अंश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. तिथे बॅक्युलोव्हायरसच्या (कीटकपेशींत जनुके पोचवण्यासाठी वापरला जाणारा विषाणू) लांबट दांड्या गोल कणांपासून सहज वेगळ्या ओळखता येतात.