वाटण एक, पातेली दोन

ताई, ‘मी मटण सोडलंय, नवरा खातो, रोज दोन स्वयंपाक कसे करायचे’ असं तुम्ही विचारलंय म्हणून आमच्या लातूरच्या घरचं सांगतो. आमच्यात उलटं आहे. ३ वर्षांपूर्वी मी सोडलं, बायको खाते. खाते म्हणजे रविवारी हमखास.

सुरुवातीला आम्हीही दोन वेगळे रस्से करायचो. मग लक्षात आलं, वाटण तर तेच: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला. आता ते एकदाच परततो आणि निम्मं माझ्या पातेल्यात काढून घेतो. त्यात कधी उकडलेले हरभरे, कधी शेवगा, नाहीतर सरळ येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. तिचं मटण कुकरात आधीच शिजलेलं असतं. भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी दोघांची एकच. पळी तेवढी वेगळी; तिच्यावरून एकदा चांगलंच वाजलंय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला तर प्रश्नच नाही. भज्जी, आंबील, उंडे, सगळं शाकाहारीच. शेतात बसून ती माझ्यापेक्षा जास्त खाते.

प्रथिनांचं फार मनावर घेऊ नका. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, डाळीत भरपूर, भाकरी-वरणात भागतं. बी-१२ जीवनसत्त्वाचं तसं नाही. ते डाळ-भाजीत नसतं, दूध-दह्यात थोडं असतं, आणि यकृतातला साठा बरीच वर्षं पुरत असल्याने कमतरता उशिरा कळते. माझं कमीच निघालं होतं. एकदा रक्त तपासून घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

सासरवाडीत मात्र मला कसलंतरी पथ्य आहे असंच अजून समजतात. मीही खुलासा करत नाही.