‘व्हर्बोसली’ म्हणजे सविस्तर नव्हे

‘ही एक्सप्लेन्ड इट व्हर्बोसली’ या वाक्याचं मराठी ‘त्यांनी ते सविस्तर समजावून सांगितलं’ असं केलेलं परवा एका अनुवादात वाचलं आणि फार खटकलं. सविस्तर ही तारीफ आहे, व्हर्बोसली, म्हणजे गरजेपेक्षा जास्त शब्द वापरून, ही तक्रार. मूळ लेखक ज्याला नावं ठेवतोय, त्याचं मराठीत कौतुक होऊन बसलं.

शब्द मूळचा लॅटिन. ‘व्हर्बम’ म्हणजे शब्द, त्यावरून ‘व्हर्बोसस’, म्हणजे शब्दांनी भरलेला. आपला ‘शब्दबंबाळ’ याच्या अगदी जवळ जातो. रक्तबंबाळमधला बंबाळ तोच. पण ‘शब्दबंबाळपणे सांगितलं’ असं कोणी बोलत नाही. इंग्रजीत जे काम क्रियाविशेषण करतं ते इथे मराठी क्रियापदाकडून करून घेते: पाल्हाळ लावणं, चऱ्हाट वळणं, गुऱ्हाळ चालवणं. ते वाक्य मी ‘त्यांनी सांगताना फार पाल्हाळ लावला’ असं केलं असतं. चऱ्हाट एकट्याचं असतं, गुऱ्हाळाला मंडळी लागतात, म्हणून बैठकीत चर्चेचं गुऱ्हाळ होतं. ‘अघळपघळ’ सरळ क्रियाविशेषणासारखा चालतो खरा, पण त्यात थोडा ऐसपैसपणा, थोडी मायाही आहे. व्हर्बोसलीत ती नाही.

आणि मुद्दा लांबीचा नाहीच. आमच्या जिन्यात लागलेली सूचना बघा: ‘सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, उद्या सकाळी पाणीपुरवठा करण्यात येणार नाही.’ म्हणायचंय एवढंच, ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही.’ पहिली सूचना एका वाक्याची असूनही व्हर्बोस आहे. उलट दोन तासांचं कीर्तन रंगलं तर त्याला हा शब्द लावता येत नाही. सुरुवातच लांबली तर मात्र आपल्याकडे नेमकी म्हण तयार आहे, नमनालाच घडाभर तेल. दिवट्यांच्या उजेडात खेळ व्हायचे तेव्हाचं ते तेल. नमनातच संपलं तर पुढचा खेळ अंधारात.

एक अपवाद सांगायलाच हवा. संगणकाच्या आज्ञेला ‘व्हर्बोस’ पर्याय जोडला की प्रोग्रॅम आपण काय काय करतोय ते पायरीपायरीने पडद्यावर दाखवतो. चूक शोधताना तेच हवं असतं. तिथे ‘पाल्हाळ’ लिहू नका, ‘तपशीलवार’ लिहा.